पोवळ्यांचा उजेड

मैलापुरातील त्या घराच्या दिवाणखान्यात सर्वांत जुना दिवा छताला नाही, पाण्यावर आहे. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची काचपेटी, आणि तिच्या लाकडी झाकणाच्या आत वीस वॅटच्या दोन ट्यूबा. पेटीत सव्वातीनशे लिटरच्या आसपास पाणी मावते. मासे मात्र तीनच: नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाऊन माशांची जोडी, आणि पांढऱ्या अंगावर तिरप्या बारीक रेघा, डोळ्यांवरून गेलेला काळा पट्टा व मागची बाजू पिवळी असा एक फुलपाखरू मासा. पेटी प्राध्यापकांच्या पत्नीची. त्यांना जाऊन आता काही वर्षे झाली. परंतु सकाळी नऊला ट्यूबा लावायच्या आणि रात्री नऊला मालवायच्या हा त्यांचा नेम घरात कोणी मोडलेला नाही.

प्राध्यापक तंजावरकडचे. सतराव्या शतकात व्यंकोजींच्या मागोमाग कावेरीच्या खोऱ्यात उतरलेल्या घराण्यांपैकी त्यांचे एक. घरात बोलली जाणारी मराठी तीनशे वर्षांत तमिळच्या इतकी जवळ सरकलेली की नव्या माणसाला ती आधी गाणे वाटे आणि मग भाषा. पत्नी गिरगावातल्या. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, आणि सुटीच्या दिवशी वडिलांचे बोट धरून तेथे जाणे हा त्यांच्या बालपणाचा मोठा उत्सव होता. लग्न होऊन त्या मद्रासला आल्या तेव्हा सासरच्या मंडळींनी दिव्यासंबंधी, अंधारासंबंधी, सावलीसंबंधी वापरलेले निम्मे शब्द त्यांना कळत नसत. त्या ‘उजेड’ म्हणत, सासूबाई ‘वेळिच्चम्’ म्हणत, आणि भौतिकशास्त्र शिकविणारे पती वर्गातल्या सवयीने ‘प्रकाश’ म्हणत. तिन्ही शब्दांचा अर्थ एकच नाही, असे त्या अखेरपर्यंत म्हणत असत. पती त्यावर हसत. वस्तुस्थिती अशी की या बाबतीत पत्नीचेच म्हणणे खरे होते, आणि ते पतींना फार उशिरा, तेही एका काचपेटीच्या निमित्ताने पटले.

निमित्त नातीचे. शाळेच्या सुटीत आलेल्या नातीने, “आजोबा, यात नुसते मासेच का? पोवळी का नाहीत?” असे विचारले, आणि प्राध्यापकांनी, ज्यांनी आजवर त्या पेटीत हात घालण्याचे टाळले होते, प्रवाळभित्ती करण्याचे कबूल करून टाकले. पाणी होते, क्षार होते, वर्षानुवर्षे मुरलेले खडक होते. बदलायचा होता तो फक्त दिवा. निदान त्यांची तशी समजूत होती.

माशांच्या पेटीत दिवा असतो तो पाहणाऱ्यासाठी. माशाला दिवस आणि रात्र यांतला भेद कळला म्हणजे पुरते. त्याचे अन्न वरून चिमटीने पडते. पोवळ्याचे तसे नाही. उथळ उष्ण समुद्रातील भित्ती बांधणाऱ्या पोवळ्यांच्या ऊतींत झूझँथेली नावाची सूक्ष्म एकपेशीय शैवले राहतात. ती उजेडावर शर्करा तयार करतात आणि तिचा मोठा वाटा यजमानाला देतात. यजमान त्यांना थारा देतो आणि आपल्या देहातील त्याज्य द्रव्ये त्यांना खत म्हणून पुरवितो. म्हणजे दिवा ही येथे शोभा नव्हे, ती शिधासामग्री आहे. तो कमी पडला तर पोवळे हळूहळू उपाशी मरते. जास्त झाला, विशेषतः पाणी तापलेले असताना, तर शैवलांच्या पेशीत प्राणवायूची विषारी रूपे साचतात, पोवळे आपल्या या पाहुण्यांना बाहेर काढते आणि पांढरे पडते. १९९८ साली समुद्र तापला तेव्हा मन्नारच्या आखातात हेच झाले, आणि त्यानंतरही ते पुन्हा घडले आहे.

तेव्हा किती उजेड आणि कोणता, हे दोन प्रश्न. दुसरा प्राध्यापकांच्या आवडीचा होता. ते प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकले. त्याच कॉलेजातून १९०७ साली चंद्रशेखर व्यंकट रामन एम.ए. होऊन बाहेर पडले होते आणि समोर रस्ता ओलांडला की मरीनाचा समुद्र होता. रामन यांनी १९२१ मध्ये विलायतेच्या सफरीवर असताना समुद्राची निळाई न्याहाळली आणि ती केवळ आकाशाचे प्रतिबिंब नसून पाण्याच्या रेणूंकडून होणारे प्रकाशाचे विकिरण तिला कारण आहे असे दाखविले. हा धडा प्राध्यापकांनी तीस वर्षे शिकविला. पण त्याची दुसरी बाजू त्यांनी कधी विचारात घेतली नव्हती: वरून पाहणाऱ्याला समुद्र निळा दिसतो, तर खालून पाहणाऱ्याला काय मिळते? पाणी तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते. नारिंगी आणि पिवळा त्यामागून जातात. दहा-वीस मीटरांखाली उरतो तो बहुतांशी निळाच. महाराष्ट्राच्या किनाऱ्यापासून दूर, विजयदुर्गच्या पश्चिमेला, कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक म्हणून एक बुडालेली प्रवाळभूमी आहे. तिचा माथासुद्धा पाण्याखाली सुमारे वीस मीटरांवर आहे. तेथील पोवळ्यांनी पांढरा उजेड म्हणून जो आपण म्हणतो तो कधी पाहिलेलाच नाही. शैवलांतील हरितद्रव्य आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये निळ्या आणि निळसर हिरव्या किरणांवरच पोसलेली असतात. निळ्या दिव्याची निवड ही रुचीची बाब नव्हे.

‘किती’ हा प्रश्न त्याहून अवघड निघाला. प्राध्यापकांजवळ प्रकाश मोजण्याचे एक जुने यंत्र होते, लक्समध्ये आकडा सांगणारे. ट्यूबेखाली धरले की आकडा भरघोस येई. दुकानातून प्रयोगासाठी आणलेल्या निळ्या दिव्याखाली धरले की काटा जेमतेम हले. यंत्र बिघडले असावे असे त्यांना दोन दिवस वाटत राहिले. मग आपल्याच जुन्या टिपणांत उत्तर सापडले. लक्स हे माप मनुष्याच्या डोळ्यावरून घडविलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्या रंगाला सर्वांत अधिक जागा असतो. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याची जाग शंभरात जेमतेम चार. जे पोवळ्याला जेवण आहे ते त्या यंत्राला अंधार वाटते. त्यासाठी माप वेगळे लागते: दर सेकंदाला दर चौरस मीटरवर शैवलाला उपयोगी पडतील असे किती प्रकाशकण पडतात याची मोजणी, मायक्रोमोलमध्ये. उष्ण कटिबंधातील भर दुपारच्या उन्हात हा आकडा दोन हजारांच्या घरात जातो. शिंगांसारख्या फांद्यांच्या खडकाळ पोवळ्यांना पेटीत अडीचशे-तीनशे तरी लागतात. छत्रीसारख्या मऊ जातींना पन्नास ते शंभरही पुरे होतात. उजेड आणि प्रकाश हे दोन शब्द पत्नी वेगळे का धरीत होत्या, ते प्राध्यापकांना या रात्री उमगले. पाहण्यापुरता तो उजेड. ज्याला कोणी पाहणारा लागत नाही, तो प्रकाश.

आता निवड. जुन्या पद्धतीच्या निळ्या ट्यूबा मिळतात. पण त्यांचा वर्ण महिन्यामहिन्याला उतरत जातो आणि डोळ्याला काही कळण्याआधीच त्या बदलाव्या लागतात. मेटल हॅलाइडचे दिवे एके काळी या छंदाचे राजे होते. एकाच बिंदूतून येणारा त्यांचा प्रकाश पाण्याच्या लाटेतून तुटून तळावर थरथरत्या रेघा उमटवितो, खऱ्या समुद्रासारख्या. ज्याने ते एकदा पाहिले त्याला ट्यूब कायमची निर्जीव वाटते. परंतु चार फुटांच्या पेटीला अडीचशे वॅटचे दोन लागतात. आठ तास जाळले तर रोजचे चार युनिट, महिन्याचे एकशेवीस. शिवाय त्या विजेचा बहुतेक भाग अखेर उष्णता होऊन पाण्यात आणि खोलीत उतरतो. मे महिन्यात मद्रासची हवा चाळीस अंशांवर जाते आणि पोवळ्यांना पाणी हवे पंचवीस-सव्वीस अंशांचे. आधी दिव्याने तापवायचे, मग शीतयंत्राने निववायचे, आणि दोन्हींसाठी वीज जाळायची; कोळशाच्या धुराने समुद्र तापतो आणि त्यात पोवळी मरतात हे ठाऊक असलेल्या माणसाने दिवाणखान्यात पोवळी जगविण्यासाठी हे करावे, यात प्राध्यापकांना काहीतरी हास्यास्पद दिसले. त्यांनी मेटल हॅलाइडचा विचार सोडला. राहिले एलईडी.

वीज हा या घरात नुसता हिशोबाचा विषय नव्हता. १२ डिसेंबर २०१६ रोजी वरदा चक्रीवादळ शहरावर आले. झाडे रस्तोरस्ती आडवी झाली आणि कित्येक भागांत दिवसेंदिवस वीज नव्हती. पंप थांबला की खाऱ्या पाण्यातला प्राणवायू लवकर उतरतो. त्या रात्री पती-पत्नींनी आळीपाळीने पितळी तांब्याने पेटीतले पाणी उचलून वरून धार धरून सोडले. बाई तांब्या धरून बसत तेव्हा हे मेणबत्ती धरीत, आणि यांच्या हाती तांब्या आला की बाई मेणबत्ती घेत. दोन रात्री असे चालले. तिसऱ्या दिवशी मासे जिवंत होते आणि बाईंचा उजवा खांदा पुढे महिनाभर धरलेला होता. फुलपाखरू मासा तेव्हा नुकताच आणलेला, रुपयाएवढा होता.

दिव्याच्या चौकशीसाठी प्राध्यापक कोळत्तूरला गेले. शहराच्या उत्तरेकडील या वस्तीत शोभेच्या माशांची दुकाने एकाला एक लागून आहेत. घराघरांतून मासे वाढविले जातात आणि देशभर जातात. बहुतेक व्यापार गोड्या पाण्याचा. खाऱ्या पाण्याचे दुकानदार थोडे. त्यांतल्या एकाने दिव्यांची माहिती मनापासून सांगितली. “सार, दिवा घ्यायचा तर जोरदारच घ्या. नंतर पस्तावायला नको,” असे म्हणून त्याने पडद्यामागे नेले आणि एका बादलीवरचे झाकण बाजूला केले. आत हाताच्या पंजाएवढी फांदीदार पोवळी होती, तपकिरी, टोकांना फिकट जांभळी. कोठून आली हे त्याने सांगितले नाही, यांनी विचारले नाही. दोघांनाही ठाऊक होते.

रामेश्वरम आणि तूत्तुकुडी यांच्या दरम्यान, मन्नारच्या आखातात एकवीस बेटांची रांग आहे. त्यांच्या भोवतालची पोवळी चुन्यासाठी वर्षानुवर्षे खणून नेली गेली. होडीच्या होडी भरून पोवळी भट्टीकडे जात. कडे गेले की लाटांना अडविणारे काही राहत नाही. एकविसांपैकी दोन बेटे पाण्याखाली गेली ती अशी. १९८६ साली तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २००१ साली भित्ती बांधणारी सर्व खडकाळ पोवळी, समुद्रपंखे, काळे पोवळे ही वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंक्तीला, जाऊन बसली. तुकडा बाळगणे हाही अपराध. छंदाच्या परदेशी पुस्तकांत या गोष्टीचा अर्थातच उल्लेख नसतो. त्यांत दिवा निवडण्याचा प्रश्न खिसा, खोली आणि रंग एवढ्यांतच आटपतो. येथे तो आधी दुसरीकडूनच सुरू होतो: या दिव्याखाली कोण राहणार? प्राध्यापकांनी बादलीवर झाकण ठेवायला सांगितले. परंतु त्यांनी नंतर घरी कबूल केले की त्या जांभळ्या टोकांवरून नजर काढायला त्यांना वेळ लागला. तीनशे मायक्रोमोलचा दिवा घरात आला की कधी ना कधी तो बादली मागणार, हे त्यांना तेथेच कळले. ज्या मऊ जातींना कायद्याची आडकाठी नाही, ज्यांना सांगाडाच नाही, त्या छत्र्यांना आणि झोअँथिडांना पुरेल एवढाच, आणि त्याहून वर जाऊच न शकणारा दिवा करायचा असे ठरवून ते परतले.

परतताना ते जॉर्ज टाउनमध्ये उतरले. तेथे कोरल मर्चंट स्ट्रीट आहे, तमिळमध्ये पवळक्कारर तेरु. कंपनीच्या काळात ज्यू व्यापारी भूमध्य समुद्रातील पोवळी मद्रासला आणीत आणि बदल्यात गोवळकोंड्याचे हिरे नेत. त्या व्यापाराची ही आठवण. आज गल्लीत पोवळ्यांशिवाय बहुधा सर्व काही मिळते. अर्थशास्त्रात कौटिल्याने प्रवाळाचा एक प्रकार ‘आलकन्दक’ म्हणून नोंदविला आहे आणि ते अलेक्झांड्रियाचे नाव असावे असे अभ्यासक मानतात; म्हणजे दोन हजार वर्षे हा तांबडा जिन्नस पश्चिमेकडूनच येत होता. अंगठीतले, नवरत्नांतले, काव्यातल्या ओठांचे पोवळे ते हेच. मौज अशी की या पोवळ्याला उजेड मुळीच लागत नाही. ते कपारींत, अंधुक खोलीत वाढते. त्याच्या देहात शैवल नसते. आपल्या वाङ्मयाने ज्याला प्रवाळ, विद्रुम म्हणून गौरविले ते काळोखातले, आणि ज्याच्यावर रामेश्वरमचे कोळी पाय देऊन उभे राहत ते उन्हावर जगणारे. दोघांना शब्द मात्र एकच. मणिप्रवाळ या नावाने संस्कृत आणि देशी भाषा एका दोऱ्यात ओवणारी शैली दक्षिणेत रूढ झाली, आणि चौदाव्या शतकातील ‘लीलातिलकम्’ने तिचे शास्त्र केले. माणिक आणि पोवळे दोन्ही तांबडी, म्हणून एका सरात सांधा दिसत नाही, असे त्या नावाचे स्पष्टीकरण देतात. प्राध्यापकांच्या घरची बोलीही याच जातीची, फक्त तिला कोणी शास्त्र लिहिले नाही.

दिवा त्यांनी स्वतःच केला. माउंट रोडजवळच्या रिची स्ट्रीटवर विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळत नाहीत असे नाही. तीन वॅटचे बारा एलईडी घेतले, आठ निळे, साडेचारशे नॅनोमीटरचे, आणि चार पांढरे. उष्णता पसरविणारी अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, एक लहान पंखा, आणि प्रवाह कमी-अधिक करता येईल असा चालक. नात शेजारी बसून स्क्रू देत होती. तिच्या गळ्यात आजीची पोवळ्यांची सर होती. आजोळी आली की ती हट्टाने घालते. रात्री खोलीतले सगळे दिवे मालवून निळे आठ तेवढे लावले तेव्हा तिचा पांढरा फ्रॉक ठिणगीसारखा उजळला, आणि गळ्यातली पोवळी काळी ठिक्कर पडली. मुलगी घाबरून हात गळ्याशी नेऊन मणी चाचपू लागली. निळ्या प्रकाशात तांबडे परत यायला काही नसते, म्हणून ते काळे. इतके साधे होते. प्राध्यापकांनी चटकन चार पांढरे लावले आणि सर पुन्हा तांबडी झाली. “पुन्हा करा,” मुलगी म्हणाली. त्यांनी केले नाही.

मुख्य अडचण राहिलीच होती. फुलपाखरू मासा मऊ पोवळ्यांचे मुखावयव टोचून खातो. भित्तीवर त्याचे तेच काम. प्रवाळपेटी करायची तर तो प्रथम बाहेर काढावा लागतो, याविषयी जाणत्यांत मतभेद नाही. कोळत्तूरचा दुकानदार तो घ्यायला तयार होता, त्याच्या बदल्यात दिव्याचे सर्व सामान देतो असेही म्हणाला होता. मासा आता तळहाताएवढा. नऊ वाजता ट्यूब लागली की तो डाव्या कोपऱ्यात येतो, कारण बाई तेथून चिमूट सोडीत. प्राध्यापक उजव्या हाताचे असल्याने दुसरीकडून सोडतात, तरी तो आधी डावीकडेच जाऊन येतो.

त्यांनी पेटीत एक आडवी भिंत घातली, भोके पाडलेल्या अ‍ॅक्रिलिकची. अडीच फूट माशांना, दीड फूट पोवळ्यांना, पाणी एकच. दीड फुटावर नवा दिवा, उरलेल्यावर जुन्या ट्यूबांपैकी एक. निळा प्रकाश पलीकडे फार सांडू नये म्हणून मध्ये काळ्या पुठ्ठ्याची झड बांधली. सुरुवातीचे दोन आठवडे दिवा पाव शक्तीवरच ठेवला, कारण नव्या उजेडाला पोवळ्यांनी सरावावे लागते आणि घाई केली तर आधी खडकावर शेवाळच माजते. पुढे दर आठवड्याला थोडा थोडा वाढविला. चार छत्र्या आणि झोअँथिडांचा एक गुच्छ. तिसऱ्या महिन्यात एका छत्रीच्या बुडाशी कोथिंबिरीच्या दाण्याएवढी दुसरी दिसू लागली. प्राध्यापकांनी ती भिंगातून पाहिली आणि नातीला दूरध्वनी केला.

ज्यांना दीड फुटांची ही व्यवस्था ओबडधोबड वाटेल त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. मधली भिंत दिसायला वाईट आहे, दोन रंगांचे उजेड शेजारी शेजारी विजोड दिसतात, आणि भोकांत शेवाळ धरते ते दर रविवारी दात घासण्याच्या ब्रशाने काढावे लागते. क्लाऊन माशांची जोडी मोठ्या भागात सुखाने आहे. फुलपाखरू मासा दिवसातून बराच वेळ भिंतीला तोंड लावून असतो आणि पलीकडे छत्र्या उघडतात-मिटतात त्या पाहतो. भूक म्हणा, दुसरे काही म्हणा. नऊ वाजता आधी निळा दिवा मालवतात, मग पाच मिनिटांनी ट्यूब.